स्पोर्ट बाइकचा लांबचा प्रवास : गाडी बदलू नका, बांधणी बदला

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कोठल्याही बाजारपेठेत जा. दुकानापुढे एखादी तरी स्पोर्ट बाइक उभी दिसेल. ज्यांच्या वडिलांनी एम-८० वर कापडाचे गठ्ठे लादून आठवडी बाजार केले, त्यांचीच ही मुले. स्वतःच्या कमाईतून शौक केला तर आम्हाला त्यात वावगे वाटत नाही. पण हीच मुले वर्षातून दोन-चार वेळा त्याच गाडीवर लांबच्या प्रवासाला निघतात. कोणी नातेवाइकांकडे लग्नाला, कोणी माल पाहायला नाशिक जिल्ह्यातील मालेगावला. मग निघण्याच्या आठ दिवस आधी गाडीवर हजारो रुपयांचा खर्च सुरू होतो. हा खर्च कोठे करावा आणि कोठे करू नये, याविषयी व्यापारी आणि कारागीर बंधूंशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आम्ही मेकॅनिक नाही. आमचा धंदा कापडाचा. परंतु एक धडा आम्ही स्वतः चूक करून शिकलो आहोत.

मागील वर्षी आमचा पुतण्या ड्रेस मटेरियलचे नमुने घेऊन जालन्याला निघाला. मागच्या सीटवर गठ्ठा आम्हीच बांधला. हुकवाल्या दोन इलॅस्टिकच्या दोऱ्या ताणून अडकवल्या. "चाचा, हे हलतंय," तो म्हणाला. आम्ही म्हटले, "बेटा, तीस वर्षं गठ्ठे बांधतोय." मेहकरच्या अलीकडे एका गतिरोधकावर गठ्ठा उजवीकडे घसरला आणि सायलेन्सरवर टेकला. पॉलिएस्टरचे कापड ते, वितळून चिकटले. सुटलेली दोरी मागच्या चाकात गुंडाळली गेली, चाक अडकले आणि पोरगा रस्त्यावर पडला. वेग कमी होता, डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून मनगटाच्या हाडावर निभावले. मालाचे नुकसान भरून निघाले. पण त्या संध्याकाळी त्याच्या आईपुढे आमची मान वर होत नव्हती.

चूक कोठे झाली? एम-८० च्या मागे सपाट लोखंडी कॅरिअर बसवलेले असे. गठ्ठा बसला की बसला. स्पोर्ट बाइकची मागची सीट लहान, उंच आणि उतरती. सायलेन्सर वर उचललेला, बाजूंना सगळे प्लॅस्टिक, दोरी अडकवायला जागा नाही. ही गाडी ओझ्यासाठी बनवलेलीच नाही. हँडल खाली, पाय मागे, अंगाचा भार मनगटांवर. तासभर मौज वाटते, चार तासांनी कंबर आणि मनगटे बोलू लागतात. आमचा जुना तजुर्बा खोटा नव्हता, पण तो दुसऱ्या गाडीचा होता.

आता रस्त्याचा विचार करू. आपल्या जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे मोटारसायकलवाल्याला जुनाच रस्ता : कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेड राजा, जालना. या रस्त्यावर गावोगावी गतिरोधक, पावसाळ्यात शेतातून आलेला काळ्या मातीचा चिखल, सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर आणि अंधार पडला की रोही व रानडुकरे. येथे गाडीचा वेग कामाचा नाही. कामाचे आहेत टायर, ब्रेक आणि घट्ट बांधलेले सामान. फजरनंतर निघावे, दीड तासाला उतरून पाय मोकळे करावे आणि मगरिबच्या आत मुक्कामाला पोचावे. याला एक पैसाही लागत नाही.

सामानाचा पहिला नियम : कमी घ्या. चालवणारा, मागे बसणारा आणि सामान मिळून गाडीने किती भार वाहायचा, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. मागे माणूस बसणार असेल तर सीटवर गठ्ठा नाही, आणि गठ्ठा असेल तर माणूस नाही. दुसरा नियम : जड वस्तू खाली आणि चालवणाऱ्याच्या जवळ. जड ओझे मागच्या चाकाच्याही मागे लटकले की पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर गाडी हाताबाहेर जाते. तिसरा नियम : इलॅस्टिकच्या दोरीवर विसंबू नका. ती ताणली जाते, म्हणजेच ढिलीही पडते. विणलेला पट्टा आणि कुलपी बक्कल वापरा. पट्टा प्लॅस्टिकला किंवा मागच्या दिव्याला अडकवू नका, सीटखालच्या लोखंडी सांगाड्याला बांधा. पट्ट्याचे उरलेले टोक दुमडून आत खोवा. आमच्या पोराचा घात लोंबत्या टोकानेच केला. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा घेतल्या तर वजन सारखे ठेवा आणि सायलेन्सरपासून अंतर राखा. टाकीवरची बॅग बांधल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते का ते पाहा. टाकीवर प्लॅस्टिकचे आवरण असेल तर चुंबकाची बॅग चिकटणार नाही, पट्ट्यांची घ्यावी. सगळे बांधून झाल्यावर गावातच दहा किलोमीटर फिरून या आणि पुन्हा पट्टे ओढा.

खर्चाचा क्रम आम्ही असा लावू. पहिले हेल्मेट, दोघांनाही. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. रस्त्याच्या कडेचा स्वस्त टोप म्हणजे फसवणूक. दुसरे टायर आणि ब्रेक पॅड. हवा गाडी थंड असताना भरावी, आणि सामान असल्यावर मागच्या टायरची हवा पुस्तिकेप्रमाणे वाढवावी. तिसरे ट्यूबलेस टायरचा पंक्चर संच आणि लहान पंप. चौथे चेनचे तेल. दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल द्यावे. पाचवे जाड जाकीट आणि हातमोजे. कापडवाले म्हणून सांगतो, सुती जीन्स डांबरावर घसटली की क्षणात फाटते. बाकी उंच काच, मोबाइलचे चार्जर वगैरे पैसे उरले तर. मागे वजन आले की पुढचा दिवा वर उचलला जातो, तोही खाली लावून घ्यावा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

आता काय करू नये. हँडल उंच करण्यासाठी वाटेल ते तुकडे जोडू नका. केबल आणि ब्रेकची नळी ताणली जाते. सांगाड्याला वेल्डिंग करून कॅरिअर ठोकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वर्षातून चार दिवसांच्या सफरीसाठी वर्षभराची गाडी का बिघडवावी? जे बसवाल ते परत आल्यावर काढता आले पाहिजे.

साडीगार्डचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिसायला बरी दिसावी म्हणून मुले ती जाळी काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे, आणि ते मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत यासाठीच आहे. आम्ही ओढणी, दुपट्टा, बुरख्याचे कापड विकतो. तेच कापड एखाद्या आई-बहिणीच्या गळ्याभोवती आवळले जावे, हा विचारही सहन होत नाही.

शेवटी कारागीर बंधूंसाठी. सीट कव्हर करणारे, रेक्झिनवाले आणि शिलाई मशीनवाले यांना येथे चांगले काम आहे. सीटवर अंथरायची जाळीदार गादी, मागच्या सीटची बॅग, पावसाचे आवरण, सगळे आपल्या गल्लीत शिवता येते. फक्त सुती दोरा वापरू नका. तो पाणी पितो आणि कुजतो. पॉलिएस्टरचा जाड दोरा घ्या, पट्टा जेथे जोडला जातो तेथे चौकोनात फुलीची शिलाई मारा. कापड कितीही जलरोधक असो, पाणी सुईच्या छिद्रातून येते; म्हणून आत वेगळी प्लॅस्टिकची पिशवी द्या. आणि कोणी साडीगार्ड कापायला किंवा सांगाड्याला वेल्डिंग करायला आला, तर नाही म्हणा. हे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. दोनशे रुपये शेजारच्या दुकानात जातील. पण उद्या अपघात झाला तर तुमच्या हातचे काम तुमच्याच डोळ्यांपुढे येईल, जसे आमच्या हातची गाठ आमच्या डोळ्यांपुढे आजही येते.

पुतण्याचे मनगट आता बरे आहे. गेल्या महिन्यात तो पुन्हा जालन्याला निघाला. बॅग मोहल्ल्यातल्या रेक्झिनवाल्याने शिवलेली, चार पट्ट्यांची. या वेळी त्याने स्वतःच बांधली आणि आम्हाला ओढून पाहायला सांगितले. आम्ही ओढून पाहिली. हलली नाही.