पोराची वही



तीर्थपुरीला मोसंबीची बाग पाहताना एक ताई म्हणाल्या, "साहेब, दहावीतला पोरगा घरात बोलत नाही. वहीत कविता खरडत बसतो. फाडून टाकू का?"

ताई, फाडू नका. नारायण सुर्वे हे गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना सापडलेले तान्हे मूल. पोरवयातच ते मुंबईत एकटे पडले. हॉटेलात, गिरणीत राबले. ते जगणे त्यांनी कवितेतच सांगितले. 'माझे विद्यापीठ' हा संग्रह १९६६ साली निघाला. १९९८ साली पद्मश्री मिळाली.

मोसंबीचे पान पिवळे पडले की आपण बुडाशी उकरून मुळी पाहतो. पोरावर मात्र आधी ओरडतो! वाचनालयातून ते पुस्तक आणा, जेवणानंतर त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. वही त्याने आपण होऊन दाखवली, तरच उघडा.