गोळी चालू आहे, मग राग का वाढतो?

(द्वितीय वर्ष, कला)

पिंपरीचे नाव देशभर झाले ते एका औषधाच्या कारखान्यामुळे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी क्षेत्रातला देशातील पहिला औषध कारखाना १९५४ साली येथे स्थापन झाला आणि थोड्याच काळात येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, मोटारींचे कारखाने आले आणि भोंग्यांची ही साखळी भोसरी ओलांडून थेट चाकणपर्यंत गेली. गावाकडून पोट भरण्यासाठी आलेली आमच्या आजोबा-वडिलांची पिढी येथे दोन गोष्टी शिकली. यंत्र बिघडले तर सुटा भाग बदलावा आणि माणूस आजारी पडला तर गोळी घ्यावी. पेनिसिलीनने हा विश्वास खराही करून दाखवला. पाच-सात दिवस औषध घेतले, ताप उतरला, माणूस पुन्हा कामावर हजर!

परंतु मेंदूवर आणि मनावर काम करणारी औषधे या हिशेबात बसत नाहीत. म्हणूनच आपल्या वस्त्यांत आज कितीतरी आईबाप दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारताना दिसतात, "पोराला गोळी चालू आहे, मग त्याचा राग का वाढतो?" हा प्रश्न मूठभर घरांचा आहे असे समजू नका. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. याच प्रमाणाने पाहिले तर साठ मुलांच्या एका वर्गात चार मुले! शिवाय आकडीसारख्या आजारासाठी गोळ्या घेणारी मुले वेगळीच.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक कुटुंब राहते. वडील चाकणच्या बाजूला ठेकेदाराकडे, आई पॅकिंगच्या कामावर. मुलाला लहानपणापासून आकडी येते. मध्यंतरी औषध बदलले आणि आकडी थांबली, पण मुलाचा स्वभावच पालटला. ताट भिरकावणे, धाकट्या बहिणीच्या अंगावर धावून जाणे, एकदा तर त्याने टीव्ही फोडला. एके दिवशी मावशींच्या हातावर वळ दिसले. त्या माझ्या आईला म्हणाल्या, "एक गोळी चुकू देत नाही बघा मी. तरी पोरगं दिवसेंदिवस बिघडतंच चाललंय. आता काय करावं माणसानं?" कोणी म्हणाले बाहेरचे काहीतरी आहे, उतारा टाका. कोणी म्हणाले लाडावलंय, चार ठेवून द्या. शेवटी वडिलांनीच निकाल दिला, "गोळ्यांनीच डोकं फिरलंय त्याचं. बंद करा." गोळ्या बंद झाल्या. तिसऱ्या दिवशी आकडीमागून आकडी आली आणि मध्यरात्री रिक्षा करून दवाखाना गाठावा लागला.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून त्या गोळ्यांच्या खोक्यातले घडीपत्रक वाचायला माझ्याकडे आले. बारीक इंग्रजी अक्षरांत दुष्परिणामांची यादी होती आणि तीत चिडचिड व आक्रमकपणा हे शब्द स्पष्ट छापलेले होते. ज्या प्रश्नाने ते घर पोखरले जात होते त्याच्या उत्तराचा एक धागा इतके महिने त्याच घरात, फळीवरच्या खोक्यात, घडी घालून पडला होता!

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचले, मानसशास्त्राच्या सरांना विचारले. लेव्हेटिरॅसिटाम हे आकडीवरचे औषध काही मुलांत चिडचिड वाढवते. फेनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरात असलेले स्वस्त औषध. त्यानेही काही मुले अस्वस्थ आणि हट्टी होतात. नैराश्यावरच्या काही गोळ्या सुरू करताना किंवा त्यांची मात्रा बदलताना मुलांची तगमग वाढू शकते, कधी आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्या औषधांसोबत ठळक इशारा छापण्याची सक्ती केली. रिस्पेरिडोनसारखे औषध तर राग शमवण्यासाठीच पुष्कळदा देतात, पण एखाद्याला त्यानेच अशी बेचैनी येते की त्याला एका जागी बसवत नाही आणि पाहणाऱ्याला तो रागच वाटतो. अतिचंचल मुलांना सकाळी दिलेल्या औषधाचा अंमल संध्याकाळी उतरू लागला की चिडचिड उफाळते. आणखी एक गोष्ट. मोठा माणूस उदास झाला की गप्प बसतो, मुले मात्र पुष्कळदा उदास होतात तेव्हा चिडतात. म्हणजे राग औषधाचा असू शकतो, आजाराचा असू शकतो आणि निव्वळ सोळा वर्षांच्या वयाचाही असू शकतो. तो कशाचा आहे हे थोबाडीत मारून कळत नाही आणि गोळी बंद करूनही कळत नाही.

ही औषधे वाईट आहेत असे कोणी समजू नये. याच औषधांवर असंख्य मुले शाळा शिकत आहेत, खेळत आहेत. आकडीची गोळी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकते. सांगायचे एवढेच की वाढलेला राग ही डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची बातमी आहे. मात्रा कमी करणे, वेळ बदलणे, हळूहळू दुसऱ्या औषधावर नेणे हे त्यांच्या हातात असते. पण बातमीच पोहोचली नाही तर ते तरी काय करणार?

आणि बातमी का पोहोचत नाही? येथे आपल्या पट्ट्याचे खरे दुखणे आहे. कारखान्याची साप्ताहिक सुटी बहुधा गुरुवारी, शाळेची सुटी रविवारी. बाप आणि मुलगा एका दिवशी निवांत घरी भेटत नाहीत. वडिलांची पाळी आठवड्याला बदलते. चिठ्ठीवर लिहिलेले असते "रात्री जेवणानंतर". पण दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात या घरांतले जेवण मध्यरात्री होते आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात आठलाच. म्हणजे एकच गोळी चार तास मागेपुढे होते. तिसऱ्या पाळीहून आलेला बाप दिवसा झोपतो म्हणून मुलाला घराबाहेर पिटाळले जाते आणि रात्री त्याच खोलीत टीव्ही चालू असतो. पौगंडावस्थेतील मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. झोप मोडली की आकडीही बळावते आणि रागही बळावतो. दहा बाय दहाच्या खोलीत ही झोप आणायची कोठून?

कामगार स्वतः आजारी पडला तर राज्य विमा योजनेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. मुलाला घेऊन दवाखान्यात रांगेत उभा राहिला तर मात्र हा लाभ नाही. ठेकेदाराच्या माणसाचा तो सरळ खाडा. म्हणून दवाखान्यात एकटी आई जाते. केसपेपर काढण्यात सकाळ जाते, डॉक्टरांपुढे पाच मिनिटे मिळतात आणि त्या पाच मिनिटांत ती बिचारी रडते किंवा "बरं आहे" म्हणते. मारल्याचे सांगायला तिला लाज वाटते. आपल्याच पोराची चुगली कशी करायची?

यावर एक साधा उपाय मला कारखान्यातच सापडला. यंत्रावरचा कामगार पाळी संपताना लॉगबुकात लिहून जातो, यंत्र केव्हा बंद पडले, किती वेळ, त्याआधी काय झाले. पुढच्या पाळीचा माणूस ते वाचून काम सुरू करतो. मग ज्या घरात आई आणि बाप वेगवेगळ्या पाळ्यांत आहेत त्या घरात मुलासाठी अशी एक वही का असू नये? गोळी किती वाजता घेतली, झोप किती झाली, राग केव्हा आला, त्याआधी काय घडले, किती वेळाने शांत झाला. पंधरा दिवसांची अशी दोन पाने डॉक्टरांपुढे ठेवली तर त्या पाच मिनिटांचे सोने होईल. शेजारच्या घरात हेच केले. वहीवरून डॉक्टरांना राग केव्हापासून वाढला ते दिसले आणि त्यांनी औषध हळूहळू बदलले. मुलगा आता शांत झाला असे मी म्हणणार नाही. पण ताट भिरकावणे थांबले आहे आणि बहीण त्याच्याजवळ बसून अभ्यास करते.

त्या वहीत एक रकाना मुलाचा स्वतःचा हवा. "तुला आतून कसे वाटते?" हे त्याला कोणी विचारतच नाही. शाळेत "मेंटल" म्हणून चिडवतात म्हणून तो गोळी लपवतो, हेही घरात कोणाला ठाऊक नसते. राग भडकलेला असताना मात्र हे विचारू नये. त्या वेळी वाद न घालता बाजूला व्हावे, लहान मुलांना बाहेर न्यावे, विळी-सुरी आणि गोळ्यांचा साठा हाताशी ठेवू नये. बोलणे दुसऱ्या दिवशी.

एकट्या घराने हे ओझे उचलावे असेही नाही. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हा आजार स्वतःच्या घरात पाहिला आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तेथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून आपले अनुभव सांगतात. २००४ सालच्या "देवराई" या चित्रपटात भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची होणारी ओढाताण पुष्कळांनी पाहिली असेल. शिकलेल्या घरांना जे जमले ते कामगार वस्तीला का जमू नये? गणेश मंडळाच्या खोलीत महिन्यातून एका गुरुवारी चार आईबाप एकत्र बसले तर निदान "हे फक्त आमच्याच घरात आहे" ही लाज तरी जाईल. कारखान्यांनीही महिन्यातून अर्धा दिवस भरपगारी सुटी अशा पालकाला द्यावी. उत्पादनाचे आकडे त्याने कोसळणार नाहीत. घरी काय चालले असेल या धास्तीने प्रेसवर उभा असलेला माणूस बोटे गमावतो, त्याची किंमत यापेक्षा मोठी आहे.

लाज आणि भीती माणसाला कोठवर नेते याचे उदाहरण आपल्या देशात आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो. पण कायदा आणि क्रमांक दोन्ही आमच्या चाळीपर्यंत आणणार कोण?

मित्रमैत्रिणींनो, ते काम आपले आहे. या महाविद्यालयातले आपण कितीतरी जण आपापल्या घरातले पहिले पदवीचे विद्यार्थी आहोत. आईबापांनी खाडे न करता, ओव्हरटाईम करून आपल्याला शिकवले. त्या शिक्षणाचा उपयोग फक्त परीक्षेपुरताच करायचा का? शेजारच्या घरातले घडीपत्रक वाचून दाखवा. वहीचे पहिले पान आखून द्या. मावशी दवाखान्यात जातील तेव्हा एक तास बुडवून त्यांच्याबरोबर जा आणि त्यांना जे सांगवत नाही ते डॉक्टरांना वाचून दाखवा. एवढे आपल्याला आजही करता येईल.