धाप लागते, म्हणून सीटी काढावा का?

चार पावलं चाललं की धाप, सकाळी उठल्याबरोबर खोकला आणि बेडके. गावात याला सरसकट 'दमा' म्हणतात. विडी ओढणाऱ्यात आणि चुलीपुढं जन्म काढलेल्या बायकांत मात्र हा बहुधा सीओपीडी निघतो. यात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसाचा काही भाग फुगून निकामी होतो. सीटी स्कॅन काढून कोणता इलाज लागू पडेल ते आधी कळतं का?

कळतं, पण मोजक्याच इलाजांचं. अमेरिकेत १७ केंद्रांत १२१८ रोग्यांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००३ साली आला. निकामी भाग कापून काढला तर रोगी जास्त जगतो का, हा सवाल होता. सरसकट पाहिलं तर ऑपरेशनवाले आणि नुसते औषधवाले यांच्या मृत्यूत फरक नाही. पण बिघाड मुख्यतः वरच्या भागात आणि अंगात चालण्याची ताकद कमी, अशांचा मृत्यूचा धोका ऑपरेशनने निम्म्यावर आला. उलट ज्यांचा श्वास अगदीच तुटपुंजा आणि त्यातून बिघाड फुप्फुसभर सारखा पसरलेला, किंवा प्राणवायू शोषण्याची शक्ती संपत आलेली, अशांपैकी १०० मागे १६ जण ऑपरेशननंतर महिन्याभरात गेले. हे २००१ सालीच लक्षात आलं आणि अशांना घेणं बंद झालं.

पुढं श्वासनळीत बसवायची झडप निघाली. अमेरिकेत तिला २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. हवा बाहेर जाते, आत येत नाही, त्यामुळं फुगलेला भाग आक्रसतो आणि चांगल्या भागाला जागा होते. मात्र दोन भागांमधला पडदा अखंड हवा. वाफ्याचा बांध फुटका असेल तर पाटाचं तोंड बंद करून काय उपयोग? शेजारून पाणी येणारच. हा बांध सीटीत दिसतो.

पंपाच्या औषधाचं तसं नाही. कोणता पंप द्यायचा हे फुंकून करायची स्पायरोमेट्री, धाप किती, वर्षातून आजार किती वेळा उसळतो आणि रक्ताची एक साधी तपासणी यांवर ठरतं. त्यासाठी शेळी विकून सीटी काढायची गरज नाही. ऑपरेशन किंवा झडपेचा विचार असेल, आजार वारंवार उसळत असेल, कॅन्सरची शंका असेल आणि डॉक्टर सांगतील, तर जरूर काढावा.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या चाचणीतले रोगी हे विडी-सिगारेटीच्या धुरातून आलेले. आपल्याकडं विडीला हात न लावलेल्या बायकाही धापतात. मेक्सिकोतल्या बायकांच्या सीटीवर २०१४ साली एक अभ्यास आला. तंबाखूवाल्यांत फुप्फुस फुगून निकामी झालेलं जास्त, तर चूलवाल्यांत बिघाड श्वासनळ्यांत आणि हवा अडकून राहिलेली. म्हणजे एकीचा ठोकताळा दुसरीला जसाच्या तसा बसणार नाही. चूलवाल्या बायकांवर वेगळ्या चाचण्या व्हायला हव्यात. २०१६ पासून उज्ज्वलाचे सिलिंडर आले खरे, पण भरून आणायला पैसे नसले की चूल पेटतेच.

सरपंच, ग्रामसेवकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्पायरोमीटर आहे का आणि तो चालवणारं कोणी आहे का, एवढं आधी विचारावं. नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्यावा. आशाताईंना घरोघरच्या धापणाऱ्या बायका माहीत असतात, त्यांना पहिल्यांदा पाठवावं.