विश्लेषण : वाफेचे इंजिन कोळशावरच धावायला हवे का?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ड्युरँगो ते सिल्व्हरटन ही ७२ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे आजही वाफेच्या इंजिनावर धावते. ॲनिमस नदीच्या खोऱ्यातून, कुठे पाण्यालगत तर कुठे कड्यात कोरलेल्या अरुंद वाटेने, गाडी सुमारे साडेतीन तासांत साडेआठशे मीटर वर चढते. चांदीच्या खाणींसाठी १८८२मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग आता पर्यटकांवर जगतो. इंजिने १९२०च्या दशकातली. त्यांच्या भट्टीत कोळशाऐवजी तेल जाळले तर तो वारसा उरतो का, हा रेल्वेप्रेमींचा प्रश्न आहे.

प्रश्न आला कुठून?

चढावर सिलिंडरमधली वापरलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते. त्या ओढीने भट्टीत हवा खेचली जाते आणि निखाऱ्यांचे कणही वर उडतात. धुराड्याला जाळी असते, गाडीमागून पाणी घेऊन गस्तीची छोटी गाडी येते. तरी कोरड्या जंगलाला एक ठिणगी पुरते. १ जून २०१८ रोजी, ऐन दुष्काळात, ड्युरँगोच्या उत्तरेला पेटलेल्या वणव्यात सुमारे ५४ हजार एकर क्षेत्र सापडले. पुढे पावसात राख नदीत वाहून आली आणि मासे मेले. वणवा इंजिनाच्या ठिणगीने लागला, असा दावा केंद्र सरकारने २०१९मध्ये लावला. निकालापूर्वीच, २०२२मध्ये, दोन कोटी डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान इंजिने तेलावर वळवण्याचे काम सुरू झाले होते.

तेलाने काय जाते?

कोळशाचा वास जातो आणि फायरमनचे फावडे जाते. हे नुकसान लहान नाही. एका फेरीत काही टन कोळसा, नेमका हवा तिथे पसरत घालणे, हे वर्षानुवर्षांनी हाताला येणारे कसब आहे. पण बॉयलर, पिस्टन, शिटी सगळे तेच राहते. (आच सांभाळणे तेलावरही सोपे नसतेच.) आपल्या निलगिरी रेल्वेवर, ती मीटरगेज असली तरी, तेलावरची वाफेची इंजिने धावतात. उटीच्या गाडीला त्यामुळे कुणी नकली म्हणत नाही.

तेलानेही धूर होतो, त्यामुळे हा पर्यावरणाचा विजय वगैरे नाही. प्रश्न फक्त ठिणगीचा आहे. तेवढ्यासाठी कोळसा सोडणे योग्यच. वणव्याचा धोका फारच वाढलेल्या दिवशी तर सरळ डिझेल इंजिन जोडावे, प्रवाशांना तसे आधी कळवावे आणि ज्यांना वाफच हवी त्यांचे तिकिटाचे पैसे परत करावेत.