थोरांचा जबाब हाही पुरावाच

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा रस्ता नरपडजवळ किनाऱ्याच्या कडेकडेने जातो. पश्चिमेला सुरूची झाडे आणि समुद्र, पूर्वेला चिकूच्या वाड्या. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू याच पट्ट्यातला. शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे पाहुणे किनारा पाहून परततात. रेल्वेमार्ग ओलांडून डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांत फार थोडे जण जातात. वाड्यांत चिकू उतरवणारे हात ज्या वारली घरांतून येतात, त्यांतली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आली आहेत आणि तिच्या कागदासाठी आजही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत आहेत.

या पाड्यांना लढा नवा नाही. तलासरी तालुक्यातल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची सभा झाली आणि वेठीला नकार देण्याचा निर्धार झाला. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही त्याचे लग्नगडी व्हायचे. ती गुलामगिरी या उठावाने मोडली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच आदिवासी मारले गेले. जेठ्या गांगड त्यांतला एक. वेठ गेली, तरी जमिनीचा प्रश्न राहिलाच.

१९७८ साली इथे कष्टकरी संघटना उभी राहिली. प्रदीप प्रभू आणि निकी कार्डोझ हे तिचे सुरुवातीचे कार्यकर्ते. पुढे शिराज बलसारा, ब्रायन लोबो ही नावे जोडली गेली. किमान मजुरी, रोजगार हमीची कामे, पोलिसांचा आणि वनखात्याचा जाच हे तिचे रोजचे विषय होते. १९४५ च्या लढ्यातल्या किसान सभेशी तिचे पटले नाही, दोन्हींत कटुताही झाली, आणि त्याची किंमत पाड्यांनी मोजली. हे नोंदवूनही एक गोष्ट ठामपणे म्हणावी लागते: या संघटनेने कायद्याच्या मैदानात जे काम केले, त्याचा फायदा डहाणूपुरता राहिला नाही.

त्याच १९७८ सालच्या डिसेंबरात राज्य सरकारने, ३१ मार्च १९७८ पूर्वीपासून कसली जाणारी वनजमीन नियमित करण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला होता, पण पुराव्यापाशी गाडी अडली. वनखात्याने गुन्हा नोंदवून दंड केला असेल, तर त्याची पावती हा पुरावा. पण गुन्हा नोंदू नये म्हणून गार्डाला कोंबडी आणि पैसे देणाऱ्यांची नोंद कुठून असणार? ज्याने सर्वांत जास्त जाच सोसला, त्याच्याच हाती काही उरले नाही. हे प्रकरण ‘प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र सरकार’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ साली न्यायालयाने दाव्यांची चौकशी करायला सांगितले आणि कागदाखेरीजचा पुरावा, गावातल्या थोरांची साक्षही, विचारात घ्यायला लावली.

मे २००२ मध्ये केंद्राने जंगलातली अतिक्रमणे हटवण्याचे पत्र काढले, तेव्हा देशभरच्या आदिवासी संघटना एकवटल्या आणि त्या मोहिमेत कष्टकरी संघटना पुढे होती. त्यातून २००६ चा वनहक्क कायदा आला. नियमावलीतल्या पुराव्यांच्या यादीत, दावेदार सोडून इतर थोरांचा लेखी उतरवलेला जबाब, जमिनीवरचे बांध, विहिरी, दफनभूमी, देवाची जागा हे सारे आहे.

हा जबाब घेतला जातो तेव्हा काय होते, ते पाहण्यासारखे असते. म्हातारा पुढे, त्याच्यामागे वनहक्क समितीची माणसे, आणि वही धरलेला शाळा शिकलेला एखादा पोरगा. म्हातारा बांधावर थांबतो. हा बांध कुणाच्या बापाने घातला, राब कुठे जाळायचे, नाचणी कुठल्या उतारावर आणि वरई कुठल्या, वाघदेव कुठे बसवला आहे, शेजाऱ्याची हद्द कुठल्या मोहापाशी संपते, हे सांगत जातो. पोरगा लिहून घेतो, वाचून दाखवतो. म्हातारा एखाद्या नावापाशी अडवतो, दुरुस्ती करायला लावतो आणि मग अंगठा उठवतो. मानवी हक्कांचे काम म्हणतात ते बहुतेक वेळा असे असते. मोर्चाचा फोटो छापून येतो, या वहीचा येत नाही.

इतका खटाटोप करून गेलेला दावा उपविभागीय समितीत किंवा जिल्हा समितीत नामंजूर होतो, किंवा कसत असलेल्या जमिनीचा एक तुकडाच मंजूर होतो. उपग्रहाच्या नकाशात शेत दिसले नाही, हे कारण तर हमखास पुढे केले जाते. वस्तुतः २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिले आहे की उपग्रहाची चित्रे पुराव्याला पूरक म्हणून वापरावीत, इतर पुराव्याच्या जागी नव्हे. ठरावीक कागदच आणा, असा आग्रह समित्यांनी धरायचा नाही. ग्रामसभेचा ठराव बदलायचा किंवा फेटाळायचा, तर सकारण लेखी आदेश द्यायचा आणि तो दावेदाराला कळवायचा. त्यापुढे अपिलाला साठ दिवस. चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवायचे नाही, हे तर मूळ कायद्यातच आहे. या तरतुदी पाड्यावर समजावून सांगणारा कार्यकर्ता प्रशासनाला अडथळा वाटतो. त्याला खरे तर समितीच्या बैठकीत मानाने बोलवायला हवे, कारण सरकारचेच नियम तो सरकारला पाळायला सांगत असतो.

किनाऱ्यावरची स्थिती याहून कठीण आहे. १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले आणि १९९८ मध्ये त्याने डहाणूच्या किनाऱ्यावर योजलेल्या वाढवण बंदराला नकार दिला. पंचवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने सशर्त परवानगी दिली. जून २०२४ मध्ये ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ म्हणत मच्छीमार वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले. पण समुद्राचा सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या ठिकाणी जाळे टाकल्याचा, खडकांत शिंपल्या-कालवे वेचल्याचा हक्क सांगायला मांगेला-माच्छी कुटुंबांकडे वनहक्क कायद्यासारखा कायदाच नाही. बोटीच्या परवान्यावर नाव असेल त्याची भरपाईसाठी गणना होईल. टोपलीत मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईची कशी होणार?

वारली म्हाताऱ्याच्या शब्दाला पुरावा मानायला देशाचे कायदे तयार झाले, तसेच ते मच्छीमार बाईच्या शब्दालाही मानायला तयार व्हायला हवेत. भरपाईची यादी करण्याआधी किनाऱ्यावरच्या गावागावांत असे जबाब नोंदवणे सरकारला अवघड नाही. आणि आतल्या पाड्यांसाठी तर नवा कायदाही लागत नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू आहे. येत्या ग्रामसभेत तलाठी आणि वनरक्षक यांच्या समोर नामंजूर दाव्यांची यादी नावानिशी वाचली जावी, प्रत्येकाचे कारण मराठीतून सांगितले जावे आणि आदेशाची प्रत दावेदाराच्या हातात तिथेच पडावी.