पुठ्ठ्याचे स्टेशन

यंदा नातवाच्या किल्ल्याशेजारी मी पुठ्ठ्याचे स्टेशन बांधले! वडील बार्शी लाइटवर स्टेशनमास्तर होते. १८९७ साली सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी आता ब्रॉडगेज झाली. आमचे जुने स्टेशनही गेले.

प्रमाण धरले ८७ फुटांस १ फूट. म्हणजे सात फुटी दार जेमतेम इंचभर! कौले, तिकिटाची खिडकी, रुळाच्या तुकड्याची घंटा, सारे जमले. नातू मात्र हसला, "आजोबा, या बाकावर चढायला शिडी लागेल!"

खरेच की! ते बाक मी सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी मापले होते. कापायला कात्री उचलली, अन् पुन्हा ठेवून दिली. त्या बाकावर वडील मला उचलून बसवीत असत.