कुऱ्हाडीच्या दांड्याची बाजू

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नुसत्या लोखंडाच्या पात्याला झाड तोडता आले नसते. झाडाचेच लाकूड दांडा होऊन त्याला मिळाले, म्हणून झाड पडले. तेव्हा दांडा फितूर! भावकीतला कोणी परक्याला सामील झाला की ही म्हण त्याच्या तोंडावर फेकायची. मीही ती पुष्कळदा फेकली आहे. पण बालाघाटला जाऊन आल्यापासून मला वाटू लागले आहे की या म्हणीने दांड्यावर अन्याय केला आहे. आज त्याची बाजू मांडावी म्हणतो.

निमित्त घडले ते आजोबांच्या कुऱ्हाडीचे. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर ती सापडली. पात्यावर गंजाचे पापुद्रे चढलेले आणि दांडा वाळवीने पोखरलेला. हात लावताच त्याचा भुगा झाला. घरात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, भंगारात द्या. दुसरा जुन्या वस्तूंचा शौकीन. तो म्हणाला, व्हार्निश मारून दिवाणखान्यात टांगा, शोभा येईल. मला दोन्ही पटेना. त्याच सुमारास एका स्नेह्याकडे बैहरला जायचे ठरले होते. पाते फडक्यात गुंडाळून सोबत घेतले.

बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात असला तरी मराठी माणसाला तो परका वाटत नाही. हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. १८६७ साली इंग्रजांनी जिल्हा केला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मध्य प्रदेशाकडे राहिला. वैनगंगा मात्र असल्या रेषा मानत नाही. ती बालाघाटहून खाली गोंदिया-भंडाऱ्याकडे येतेच. बाजारात हिंदीबरोबर मराठी आणि पोवारीही कानांवर पडते. बैहर वर पठारावर, कान्हाच्या जंगलाच्या बाजूला. आजूबाजूला गोंड आणि बैगांची गावे. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली ‘द बैगा’ हा ग्रंथ लिहिला, त्यातला बैगा कुऱ्हाडीशिवाय डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. आजही तिथे वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर ती दिसते.

स्नेह्याने मला अशाच एका वृद्ध शेतकऱ्याकडे नेले. त्याची बोली निराळी, माझी निराळी. पण पाते हातात घेतल्यावर फारसे बोलावे लागले नाही. त्याने ते नखाने वाजवून पाहिले, मग वीट आणि राख घेऊन गंज घासायला बसला. मी सहज म्हटले, ग्राइंडरवर धरले तर पाच मिनिटांत लखलखेल. त्याने मान हलवली आणि ते बरोबरच होते. ग्राइंडरच्या उष्णतेने धार निळी पडली, की लोहाराने दिलेले पाणी उतरले म्हणून समजावे. मग कितीही परजा, धार टिकायची नाही.

दांड्यासाठी त्याने छपराखालून एक वासा काढला. धामणीचा! त्याच्याच शेताच्या बांधावरच्या झाडाचा, चुलीच्या धुरावर कित्येक महिने सुकलेला. धामण आपल्या सह्याद्रीतही आहे. त्याच नावाचा साप आपल्याला माहीत असतो, झाड ठाऊक नसते. या लाकडाचा गुण म्हणजे लवचिकपणा. घावाचा हादरा ते स्वतःत जिरवते, मनगटापर्यंत येऊ देत नाही. म्हणून कावडीलाही आणि धनुष्यालाही तेच. त्याने वासा डोळ्यासमोर धरून लाकडाची रेषा पाहिली. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेली हवी. मध्येच तिरकी बाहेर पडली, तर दांडा नेमका तिथेच फाटतो आणि पाते कोणाच्या तरी पायावर जाते.

आजोबांच्या कुऱ्हाडीचे नेढे गोल आहे. असला दांडा कुदळीसारखा वरून ओवायचा असतो. वरचे टोक किंचित जाड ठेवायचे. घाव घालताना पाते बाहेर ओढले जाते आणि त्या जाड टोकावर अधिकच आवळून बसते. विलायती कुऱ्हाडीत दांडा खालून घालून वर पाचर ठोकतात; इथे पाचरीची गरजच नाही. पाते सैल झाले की आपण काय करतो? कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगते, घट्ट बसल्यासारखे वाटते. पण फुगलेले लाकूड लोखंडाच्या कडेवर चेचले जाते आणि सुकल्यावर पहिल्यापेक्षा सैल होते. शेवटी त्याने दांड्याला जवसाचे तेल चोळले. हे तेल लाकडात सुकून घट्ट होते, आपले खोबरेल तसे सुकत नाही. व्हार्निश मारले असते तर आधी रेषा झाकली गेली असती आणि मग तळहाताला फोड आले असते.

हे सगळे पाहताना मला म्हण आठवली. ज्याला दर काही वर्षांनी नवा दांडा लागतो, त्याला बांधावर एक धामण राखावीच लागते. शेवटची धामण तोडणारा माणूस आपल्या कुऱ्हाडीचाही शेवट करतो. तेव्हा दांडा हा गोताचा काळ कसला? गोतातले कोणीतरी शिल्लक ठेवायला हवे, याची तो तोडणाऱ्याच्या मुठीतच आठवण ठेवतो. यांत्रिक करवतीला अशी आठवण नसते. तिला झाडाकडून काहीच नको असते, झाडाखेरीज.

इतिहासानेही कुऱ्हाडीला असेच गुन्हेगार ठरवले. बैगांची ‘बेवर’ शेती म्हणजे आपल्या सत्तरीतल्या कुमेरीची बहीण. जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळवायचा, पावसाआधी जाळायचा आणि राखेत कोदो-कुटकी पेरायची. नांगर नाही, कारण नांगराने धरणीमातेची छाती फाटते अशी त्यांची श्रद्धा. काही वर्षांनी तो तुकडा जंगलाला परत. इंग्रजांनी याला जंगलाचा नाश म्हटले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेवर बंद करत आणली. १८९० साली ‘बैगाचक’ नावाच्या एका भागापुरती, म्हणजे आजच्या दिंडोरी जिल्ह्यात, तिला मुभा राहिली. आणि याच काळात मध्य प्रांतातले सालवृक्ष कशासाठी पडत होते? रेल्वेच्या स्लीपरांसाठी! वनवासींवरचा हा ऐतिहासिक अन्याय मान्य करायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. बेवरीत झाड पडत नव्हते असे मी म्हणत नाही. पण पोटापुरते तोडणारा आणि रुळापुरते तोडणारा यांना एका मापाने मोजायचे नसते.

आता शौकिनांचे म्हणणे. मूळ दांडा गेला की वस्तूचे जुनेपण गेले, असे ते म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. दांडा शाबूत असेल, त्यावर कोरीव काम असेल किंवा वस्तू संग्रहालयातली असेल, तर तिला हात लावू नये. पण घरातल्या कुऱ्हाडीचे जुनेपण लाकडात कधीच नव्हते. आजोबांनीही आपल्या हयातीत तिचे दांडे बदलले असणारच. लोखंड टिकायचे आणि लाकूड बदलायचे, हाच त्या दोघांतला करार. परंपरा असते ती दांडा बसवण्यात. कोणते झाड, कोणत्या महिन्यात तोडायचे, कुठे सुकवायचे हे जाणणारा माणूस गेला, की भिंतीवरची कुऱ्हाड म्हणजे हार घातलेला फोटो.

आमच्या वाड्यावर एक म्हातारे मेस्त आहेत. परत आल्यावर कुऱ्हाड त्यांना दाखवली. त्यांनी दांडा हातात तोलला, थोडा वाकवून पाहिला आणि म्हणाले, “धामण! आता कोण विचारतो हिला?” मी विचारले, आपल्याकडे कुठे मिळेल? त्यांनी डोंगराच्या बाजूला बोट दाखवले. या पावसाळ्यात त्यांच्यासोबत जाऊन एक रोप आणायचे आहे, कुळागराच्या कडेला लावायला. माझ्या नातवाला दांडा लागेल तेव्हा ते तयार असावे.